म्हाताऱ्या हत्तिणीला काय माहीत असतं



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी तालुक्याच्या गावी आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवलं. कुठल्याही जनावराबद्दल बोलताना त्यांचा एक प्रश्न ठरलेला असे : हे त्याला उपजत येतं, की कुणी शिकवलं? आज तोच प्रश्न मी हत्तीबद्दल विचारणार आहे, आणि माझं म्हणणं आधीच मांडून ठेवते. हत्तीला उपजत फार थोडं येतं. जगायला लागणारं बरंचसं तो वडीलधाऱ्यांच्या सोबतीत राहून शिकतो. त्यामुळे म्हातारी हत्तीण किंवा म्हातारा हत्ती गेला, की गणनेतला आकडा एकानं कमी झाला म्हणून हिशेब संपत नाही. मागे राहिलेल्यांचंही काहीतरी जातं. ते काय जातं, हे सांगण्यासाठी मी इथे उभी आहे.

सुरुवात टांझानियापासून करते. १९९३ साली तिथल्या तरांगिरे राष्ट्रीय उद्यानात कडक दुष्काळ पडला. नऊ महिन्यांत, अभ्यासकांच्या नोंदीत असलेल्या ८१ पिल्लांपैकी १६ दगावली. एरवी तिथे शंभरात दोनेक पिल्लं जातात, त्या वर्षी पाचात एक गेलं. कुठल्या गटाची किती पिल्लं गेली, हे चार्ल्स फोली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासलं. काही गट दुष्काळ लागल्यावर उद्यानाची हद्द ओलांडून बाहेर पडले होते. एक गट जागचा हलला नाही, आणि सगळ्यांत जास्त पिल्लं त्यानं गमावली. त्या मुलखात याआधीचा असा मोठा दुष्काळ पडला होता तो १९५८ ते १९६१ मध्ये. बाहेर पडलेल्या गटांत तो दुष्काळ पाहिलेल्या वयाच्या हत्तिणी होत्या. थांबलेल्या गटातल्या तशा हत्तिणी सत्तर-ऐंशीच्या दशकांत हस्तिदंतासाठी मारल्या गेल्या होत्या.

एका दुष्काळावरून आणि एका जंगलावरून निसर्गाचा नियम काढू नये, हे मलाही मान्य आहे. पण हा पुरावा एकटा नाही. बाकीचा पाहण्याआधी, या प्राण्यात म्हातारपणाला एवढी किंमत का आली, ते त्याच्या शरीरापासून पाहू.

हत्तीचं सगळंच संथ आहे. हत्तीण सुमारे बावीस महिने पोटुशी असते. पिल्लू जन्मतं ते शंभरेक किलोचं, आणि तिचं पुढचं पिल्लू यायला चार-पाच वर्षं लागतात. जन्मलेल्या पिल्लाचा मेंदू पूर्ण वाढ झालेल्या हत्तीच्या मेंदूच्या साधारण एक तृतीयांश वजनाचा असतो. म्हणजे मेंदूची दोन तृतीयांश वाढ बाहेर, जगाच्या सहवासात होते. सोंडेचंच पाहा. हाड नावाचं काही नसलेला, हजारो स्नायूंनी बनलेला हा अवयव पिल्लाला सुरुवातीला वापरताच येत नाही. ते सोंडेवर पाय देऊन अडखळतं, पाणी प्यायला गुडघे टेकून थेट तोंड लावतं. आईचं दूध तर ते तोंडानंच पितं. सोंडेनं पाणी ओढून तोंडात सोडणं, गवताचा झुबका उपटून पायावर आपटून माती झाडणं, हे सगळं महिनोन्‌महिने पाहून आणि करून जमतं. खायचं काय, हेसुद्धा शिकावं लागतं. पिल्लू आईच्या तोंडात सोंड घालून ती काय चघळते आहे ते हुंगतं, तोंडातला घास काढूनही घेतं. मोठ्यांची लीदही खातं, आणि पाला पचवणारे जिवाणू त्यातून त्याच्या पोटात जातात.

मोठा हत्ती दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा खातो आणि त्यातला निम्म्याहून कमी पचवतो. दिवसाचे सोळा-सतरा तास खाण्यात जातात. बोट्स्वानातल्या दोन रानटी हत्तिणींच्या झोपेचं मोजमाप २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं, त्या दिवसाला सरासरी दोन तास झोपत होत्या. एवढा चारा एका जागी बारा महिने मिळत नाही. म्हणून एका कळपाचा मुलूख काही शे चौरस किलोमीटरांचा असतो, आणि त्यात कुठल्या महिन्यात कुठला बांबू कोवळा असतो, कुठल्या ओढ्याच्या वाळूखाली पाणी लागतं, कुठल्या खिंडीतून पलीकडे उतरता येतं, हे कुणाला तरी ठाऊक असावं लागतं.

हे ठाऊक असायला आयुष्यही तितकं लांब हवं, आणि ते दाढांवर ठरतं. हत्तीला आयुष्यात दाढांचे सहा संच येतात. जबड्याच्या प्रत्येक बाजूला एका वेळी एखाद-दुसरीच दाढ कामावर असते. नुकतीच टाकी लावलेल्या जात्यासारखा तिचा पृष्ठभाग असतो. ती झिजते, तुकड्या-तुकड्यांनी पुढून गळते आणि मागून नवी सरकत येते. सहावी झिजली की सातवी येत नाही. साठीच्या आसपास हत्ती मऊ गवताच्या पाणथळ जागा धरून राहू लागतो आणि पुढे उपासमारीनंच जातो. हत्तीण मात्र पन्नाशीतही विते आणि त्याच वेळी तिच्याभोवती तिच्या लेकी आणि नाती असतात. तीन पिढ्या एकत्र वावरतात.

या घराची रचना आपल्याला कळली ती मुख्यतः केनियातल्या अंबोसेलीत. सिंथिया मॉस यांनी १९७२ मध्ये तिथे काम सुरू केलं. प्रत्येक हत्तीला कानाच्या कडांवरून आणि सुळ्यांवरून ओळखायचं, त्याला नाव द्यायचं आणि आयुष्यभर त्याचा पिच्छा पुरवायचा, अशी ही पद्धत. ते काम आजही चालू आहे. २००९ मध्ये वारलेली एको ही तिथली हत्तीण जगातल्या सर्वांत सविस्तर नोंदल्या गेलेल्या हत्तींपैकी एक. घरात आई, तिच्या बहिणी, लेकी, भाच्या आणि सगळ्यांची पिल्लं असतात. पिल्लू चिखलात रुतलं तर आईच्या आधी एखादी मावशी पोचते. वयात न आलेल्या मुली लहानग्यांना सांभाळतात आणि त्यातून स्वतः आईपण शिकतात. अशा सांभाळणाऱ्या मुली ज्या घरात जास्त, तिथे पिल्लंही जास्त जगतात.

आता आवाजाकडे येते. १९८४ मध्ये केटी पेन अमेरिकेतल्या पोर्टलँडच्या प्राणिसंग्रहालयात आशियाई हत्तींच्या पिंजऱ्याजवळ बसल्या होत्या. त्या मूळच्या देवमाशांच्या गाण्याच्या अभ्यासक. कानाला काही ऐकू येत नव्हतं, पण हवेत एक कंप जाणवत होता. परतीच्या प्रवासात त्यांना आठवलं, की लहानपणी चर्चमध्ये समूहगान गाताना मोठ्या ऑर्गनच्या सर्वांत खालच्या सुरांचा कंप अंगाला असाच जाणवायचा. त्यांनी ध्वनिमुद्रण करून पाहिलं आणि हत्ती माणसाच्या श्रवणमर्यादेखाली बोलतात हे सिद्ध झालं. आपला कान सेकंदाला सुमारे वीस कंपनांच्या खाली बहिरा आहे, हत्तीची हाक चौदापर्यंत उतरते. असे खालचे सूर झाडीत विरत नाहीत. काही किलोमीटरवरचं घर ते ऐकतं, जमिनीतून पायांनाही त्यांची चाहूल लागते. दूर पांगलेले हत्ती एकाच वेळी वळतात कसे, या जुन्या कोड्याचं उत्तर इथे मिळालं. सरांना ही गोष्ट सांगितली असती, तर त्यांनी आम्हांला वर्गाबाहेर काढून जमिनीला कान लावायला लावला असता!

आवाज असला की ओळख आली. कॅरेन मॅकॉम्ब आणि सहकाऱ्यांनी अंबोसेलीत ध्वनिक्षेपक लावून एका घराच्या हाका दुसऱ्या घराला ऐकवल्या. परक्या हत्तिणीची हाक ऐकली की घर एकत्र गोळा होऊन बचावाला उभं राहतं, ओळखीची असली तर चरत राहतं. २००१ मध्ये त्यांनी दाखवलं, की प्रमुख हत्तीण जितकी वयस्क तितकी ही पारख अचूक. तरुण प्रमुखाच्या घरात ओळखीच्या हाकेनंही घाबरगुंडी उडते, चरणं थांबतं, वेळ आणि चारा वाया जातो. वयस्क प्रमुखाच्या घरात पिल्लंही जास्त निपजली होती. मग सिंहांच्या डरकाळ्या ऐकवल्या. हत्तीच्या पिल्लाला सिंहिणीपेक्षा सिंहाचा धोका जास्त, कारण एकटा नर सिंहही ते पाडू शकतो. हा फरक साठीपुढच्या हत्तिणींनी सर्वांत चांगला ओळखला. पुढे २०१४ चा प्रयोग माणसांच्या आवाजाचा होता. एकच वाक्य, मासाई माणसानं त्याच्या भाषेत म्हटलेलं आणि कांबा माणसानं त्याच्या. मासाई गुराखी आणि हत्ती यांच्यात पाण्या-चाऱ्यावरून भाले चालतात; कांबा शेतकऱ्यांशी तसा संघर्ष कमी. मासाई पुरुषाचा आवाज आला की हत्ती घोळका करून माघार घेत. मासाई बाया-मुलांच्या आवाजाला ते एवढं मनावर घेत नसत, कारण भाला त्यांच्या हातात नसतो. एखाद्या रानटी जनावरानं माणसाची भाषा, लिंग आणि वय यांवरून धोक्याचं माप काढावं, ही मला आजवर वाचलेल्या जीवशास्त्रातली सर्वांत थक्क करणारी गोष्ट वाटते.

हे सगळं आफ्रिकेतलं, आपल्याकडचं काय, असा प्रश्न रास्त आहे. आशियाई हत्ती ही वेगळी जात आहे. श्रीलंकेत उडा वलवेला आणि कर्नाटकात काबिनीकाठी वर्षानुवर्षं एकेक हत्ती ओळखून अभ्यास झाला, त्यात दिसलं की इथली घरं लहान गटांत पांगतात आणि पुन्हा भेटतात, आणि एका प्रमुख आजीची हुकमत आफ्रिकेइतकी ठळक नसते. दाट जंगलात, चारा विखुरलेला असताना हे साहजिक आहे. पण मायलेकींचं नातं तेच, मावश्या त्याच, मुलूख शिकण्याची गरजही तीच. उत्तर बंगालच्या चहामळ्यांत हत्तींनी मेलेली पिल्लं चरांमध्ये, पाय वर करून पुरल्याच्या पाच घटना २०२४ मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्यामागे काय भावना होती, यावर मी भाष्य करणार नाही. पण पिल्लू ओढत तिथवर नेलं होतं, आणि काम एकट्यानं केलेलं नव्हतं.

आता नरांकडे वळते, कारण महाराष्ट्राचा प्रश्न मुख्यतः नरांचा आहे.

नर पिल्लू साधारण बारा-पंधराव्या वर्षी घर सोडतं. सोडतं म्हणजे काही वेळा हत्तिणीच त्याला बाहेर काढतात. पूर्वी आपण समजत होतो की नर एकांडा असतो. तो एकटा फिरतो हे खरं, पण तरुण नर मोठ्या नरांच्या आसपास घुटमळतात, त्यांच्या मागून पाणवठ्यावर जातात, त्यांच्याशी झुंजीचा सराव करतात. या वयात मोठा नर नसला तर काय होतं, हे दक्षिण आफ्रिकेतल्या पिलानेसबर्गमध्ये दिसलं. क्रुगर उद्यानात संख्या आटोक्यात ठेवण्यासाठी हत्ती मारले जात, आणि वाचलेली लहान पिल्लं तिथून दुसऱ्या उद्यानांत नेत. पिलानेसबर्गमध्ये अशी पोरकी पिल्लं वाढली, वर कुणी मोठा नर नव्हता. त्यांतल्या तरुण नरांनी १९९२ ते १९९७ या काळात चाळीसहून जास्त पांढरे गेंडे मारले. ते फार लवकर मदात येत होते, आणि एकदा आले की महिनोन्‌महिने उतरत नव्हते. १९९८ मध्ये क्रुगरमधून सहा पोक्त नर आणून सोडले. तरुणांचा मद ओसरला आणि गेंडे मरायचे थांबले. मोठा नर समोर उभा राहिला की लहानाचा मद दबतो. पकडणं, मारणं, कुंपण असल्या कुठल्याही उपायानं जे साधलं नव्हतं, ते सहा म्हाताऱ्यांच्या नुसत्या वावरानं साधलं.

मद हा शब्द आपल्याला संस्कृत काव्यातून ठाऊक आहे. डोळा आणि कान यांच्यामधल्या ग्रंथीतून स्राव गळतो, पुरुषसंप्रेरकं अनेक पटींनी वाढतात, मूत्र ठिबकत राहतं. जुन्या कवींनी गंडस्थळावर भुंगे घोंगावताना दाखवले. आपण त्याला कविसंकेत समजत आलो. बेट्स रासमुसेन, हायडी रिडल आणि तमिळनाडूचे ज्येष्ठ पशुवैद्य व्ही. कृष्णमूर्ती यांनी २००२ मध्ये या स्रावाचं रासायनिक पृथक्करण प्रसिद्ध केलं. कोवळ्या नराच्या पहिल्या मदाचा वास मधासारखा गोड असतो, पोक्त नराचा उग्र आणि दुर्गंधी. त्या वासातून कोवळा नर जणू सांगतो की मी अजून लहान आहे, माझ्याशी भांडू नका. कवींनी पाहिलेलं निदान गोडव्यापुरतं तरी खोटं नव्हतं.

चोरट्या शिकारीनं या व्यवस्थेचा कणाच मोडला. आशियाई हत्तीत मोठे सुळे फक्त नरांना असतात, म्हणून गोळी नराला. केरळच्या पेरियारमध्ये ऐंशी-नव्वदच्या दशकांत शंभर प्रौढ माद्यांमागे एक प्रौढ नर, अशी वेळ आली होती. तिथला प्रत्येक सुळेवाला पोक्त नर म्हणजे एकेका पिढीचा गुरू होता, हे तेव्हा कुणी मोजलं नाही.

आणि आता आपलं कोकण. कौटिल्यानं अर्थशास्त्रात कुठल्या प्रदेशातले हत्ती कसे, याची प्रतवारी दिली आहे. कलिंग आणि अंग देशांतले श्रेष्ठ, आणि मध्यम प्रतीत अपरान्ताचं, म्हणजे कोकणपट्टीचं नाव आहे. म्हणजे हत्ती आपल्याला परका नाही, तो मधल्या काळात इथून गेला होता. त्याच ग्रंथात दूध पाजणारी आणि गाभण हत्तीण पकडू नये असं बजावलं आहे, आणि चाळीस वर्षांचा हत्ती उत्तम, तीसचा मध्यम, पंचवीसचा कनिष्ठ, असा वयाचा क्रम लावला आहे. हत्तीची किंमत वयानं वाढते, हे त्या काळच्या जाणकारांना पाठ होतं.

२००२ मध्ये कर्नाटकातून हत्ती सिंधुदुर्गात उतरले. तेव्हापासून दोडामार्ग तालुक्यात, तिलारीच्या खोऱ्यात, 'हत्ती इले' हे शब्द रात्रीच्या झोपेचा भाग झाले आहेत. माड, पोफळी, केळी, भात, जे वाढवायला घरातल्या दोन पिढ्या खपल्या, ते एका रात्रीत आडवं होतं. माणसंही गेली आहेत. ज्याची बाग गेली त्याला हत्तीच्या स्मरणशक्तीचं कौतुक ऐकवणं हा निर्दयपणा होईल, आणि तो मी करणार नाही. त्याला भरपाई पूर्ण मिळाली पाहिजे, बाजारभावानं आणि त्याच हंगामात मिळाली पाहिजे. माड परत फळाला यायला जितकी वर्षं लागतात तितक्या वर्षांचा हिशेब त्यात धरला पाहिजे.

पण उपाय ठरवताना कोण आलं आहे, हे ओळखलं पाहिजे. रामन सुकुमार यांनी ऐंशीच्या दशकात दक्षिण भारतात दाखवलं, की पिकात शिरण्याचं धाडस घरातल्या हत्तिणींपेक्षा नर कितीतरी जास्त करतात. उसाच्या किंवा भाताच्या शेतात थोड्या वेळात भरपूर पोषण मिळतं, अंग वाढतं, आणि मोठ्या अंगाच्या नराला माद्या मिळतात. त्यासाठी तो जीव धोक्यात घालतो. अलीकडे कर्नाटक-तमिळनाडूच्या शेतीपट्ट्यात नरांचे कायमचे गट दिसू लागले, याचीही नोंद २०१९ मध्ये झाली. माणसांच्या वस्तीत राहायचं तर एकट्यापेक्षा टोळीनं बरं, हे तरुण नर एकमेकांकडून आणि वयस्कांकडून शिकत आहेत. म्हणजे शिक्षण चालूच आहे, प्रश्न शिकवणारा कोण हाच आहे. फटाके, पेटते पलिते, रात्ररात्र पाठलाग यांतून हत्ती काय शिकतो? माणसाच्या आवाजाला आधी घाबरायचं आणि मग अंगावर जायचं. एकेक नर पकडून नेला, की त्याची जागा दुसरा, बहुधा त्याहून कोवळा आणि अडाणी नर घेतो. माझं स्पष्ट मत आहे, की दोडामार्गात पकडमोहिमांवर खर्च होणारा पैसा तिलारीपासून कर्नाटकाच्या जंगलापर्यंतचा जाण्यायेण्याचा पट्टा मोकळा राखण्यावर, तिथे बांबू आणि भेरली माड लावण्यावर आणि गावागावात रात्रीची सूचना पोचवणाऱ्या स्थानिक पोरांच्या पगारावर खर्च व्हावा.

राज्याच्या दुसऱ्या टोकाला, ऑक्टोबर २०२१ मध्ये, गडचिरोलीत छत्तीसगडकडून एक कळप आला. तिथली गोष्ट वेगळी आहे, कारण त्यात हत्तिणी आणि पिल्लं आहेत. ते घर आहे. ज्या हत्तिणीनं त्यांना तिकडच्या खाणी आणि रस्ते सोडून इकडे आणलं, ती गेली तर उरलेले धानाच्या शेतांमध्ये दिशाहीन भटकतील, आणि त्यात माणूस आणि हत्ती दोघेही मरतील. तिथे पीक राखायला तारेत वीज सोडणाऱ्याला हे कुणीतरी गोंडीत, छत्तीसगढीत, मराठीत बसून सांगितलं पाहिजे. खटला त्यानंतरची गोष्ट.

लिदीतल्या डीएनएवरून केलेल्या देशव्यापी गणनेचा अहवाल ऑक्टोबर २०२५ मध्ये आला. भारतात २२,४४६ रानटी हत्ती, त्यांत महाराष्ट्रात ६३. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी आधीच्या आकड्याशी तुलना करून वाढ की घट एवढीच चर्चा केली. माझी आपल्याला विनंती आहे. आपल्यात वनखात्यातली मंडळी आहेत, पत्रकार आहेत, दोडामार्गहून आलेले शेतकरी आहेत. पुढची गणना होईल तेव्हा एकूण आकड्यावर थांबू नका. त्यांतल्या चाळिशीपुढच्या हत्तिणी किती आणि तिशीपुढचे नर किती, हे विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.